पत्ता नसलेली चिठ्ठी

सुंदराबाईंच्या बायबलात तुरीचे दाणे सापडायचे. पहिल्यांदा एक दाणा माझ्या मांडीवर पडला तेव्हा मी त्यांच्या घरातल्या उंदरांना दोष दिला आणि पिंजरा लावायचा सल्लाही देऊन टाकला. सुंदराबाईंनी दाणा उचलला, पुन्हा त्याच पानात त्याच ओळीशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "उंदीर न्हाई मास्तर, मीच हाय ती. हितवर आले मी." ओळीवरून दाणा पुढं सरकवत वाचायचं आणि जिथं थांबलं तिथं तो पानांच्या बेचक्यात ठेवून द्यायचा, ही त्यांची पद्धत. बोट लावावं तर मोंढ्यात काम करून जाड झालेलं बोट एकदम दोन ओळी झाकायचं. काडीनं पान फाटायची भीती. दाण्याचं तसं काही नव्हतं, आणि तो त्यांच्या ओटीत कायम असायचाच.

अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांनी पंचवीस-एक वर्षं धान्य चाळलं. आडत दुकानांपुढं बायका ओळीनं बसतात, पुढ्यात चाळण आणि सूप, डोक्यावर फडकं, आणि दिवसभर तूर, हरभरा, सोयाबीन. त्या ओळीत सुंदराबाई शेवटच्या टोकाला बसायच्या. उंच, काटक, कपाळ उघडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात बारीकसा क्रूस आणि कमरेला पानाची चंची. आडतदार घाईला आला की अर्धं पोतं चाळून झाल्यावर विचारायचा, "काय, माल साफ आहे ना?" बाकीच्या बाया हो म्हणून मोकळ्या व्हायच्या. सुंदराबाई मान वर न करता सांगायच्या, "पोतं पुरं झाल्याबिगर मी काय सांगू?" या एका वाक्यापायी त्यांना दोन दुकानं सोडावी लागली. तिसऱ्या आडतदाराला त्यांची किंमत कळली आणि त्यानं शेवटपर्यंत त्यांना सोडलं नाही.

मी मूळचा बिलोलीचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून अहमदपूरला आलो आणि इथलाच झालो. आमची ख्रिस्ती मंडळी अगदी लहान, सगळी मिळून वीस-बावीस घरं. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत रविवारी सकाळी उपासना व्हायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, लातूरहून महिन्यातून एकदा यायचे आणि उरलेल्या रविवारी उभं राहून बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. का, तर मी शिकलेला, आवाज खणखणीत आणि अक्षर सुंदर. शास्त्र, म्हणजे बायबल, किती वाचलंय हे मात्र मला कुणी कधी विचारलं नाही. बरं झालं विचारलं नाही. रविवारी बोलायचा उतारा शनिवारी संध्याकाळी उघडायचा, एवढाच माझा अभ्यास होता.

सुंदराबाईंची श्रद्धा कानानं आलेली. किल्लारीच्या भूकंपात त्यांचा नवरा आणि सासरचं सगळं घर गेलं. हाती राहिली ती दोन महिन्यांची मुलगी, मंगल. दवाखान्याच्या तंबूत एक नर्सबाई रोज दुपारी त्यांच्या खाटेशी बसून शास्त्रातलं एकेक पान वाचून दाखवायची. "तिनं वाचलं आन मी धरलं," असं त्या सांगायच्या. पुढं त्या लेकीला घेऊन अहमदपूरला आल्या, मंडळीत आल्या आणि तीसेक वर्षं दर रविवारी पुढच्या रांगेत बसून ऐकत राहिल्या. ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. मी बोलताना कुठं नाव चुकलो तर त्या खालूनच दुरुस्त करायच्या, आणि मला भयंकर राग यायचा.

आता माझ्या गुन्ह्याकडं येतो.

आमच्यात नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. शास्त्रातली एकेक ओळ कागदाच्या पट्टीवर लिहून, गुंडाळी करून सुपात टाकायची. प्रार्थना झाली की प्रत्येकानं एक उचलायची. जी निघेल ती ओळ म्हणजे देवानं वर्षभरासाठी आपल्याला दिलेला शब्द. लोक ती चिठ्ठी पाकिटात ठेवतात, देवाच्या तसबिरीसारखी भिंतीवर चिकटवतात, परीक्षेला जाताना खिशात नेतात. चिठ्ठ्या लिहायचं काम अर्थात सुंदर अक्षरवाल्याचं. एका वर्षी नाताळला आलेले पाहुणे थांबून राहिले आणि ऐन वेळेला चार चिठ्ठ्या कमी पडल्या. बाहेर गाणं सुरू झालं होतं. शोधत बसायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर शोधायचं कुठं हेही मला पटकन आठवलं नसतं. तीन चिठ्ठ्या मी अर्ध्यामुर्ध्या आठवणीवर, अंदाजानं अध्याय-ओळ टाकून खरडल्या. चौथीला काहीच आठवेना, तेव्हा मी एक वाक्य मनानंच ठोकून दिलं: "मागे वळून पाहू नकोस; मी तुझ्यापुढे चालत आहे." मराठीचा शिक्षक होतो मी, असली वाक्यं मला दिवसाला दहा सुचतात. वर आणि लिहून झाल्यावर ते मला आवडलंसुद्धा.

ती चिठ्ठी सुंदराबाईंनी उचलली. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून मीच ती मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटले, चिठ्ठी कपाळाला लावली आणि चंचीत ठेवली. त्यांच्या तोंडावर मोठा निर्धार दिसला, त्याचं मला कौतुक वाटलं. त्या चिठ्ठीपायी एक आई पुढची नऊ वर्षं पोटच्या लेकीला भेटणार नाही, हे मला कळायला फार उशीर झाला.

त्याच्या दोनच महिने आधी मंगलनं लग्न केलं होतं. मुलगा बालाजी, किल्लारी ते लातूर जीप चालवायचा. घर हिंदू, शेतकरी, माणसं भली. लग्न त्यांच्या रीतीनं लागलं आणि मंगल कुंकू लावायला लागली. सुंदराबाईंना दोन घाव एकदम बसले. लेक प्रभूला सोडून गेली हा एक, आणि ज्या गावानं आपलं सगळं गिळलं त्याच गावात नांदायला गेली हा दुसरा. जावं की तोडावं, या विचारात त्या दोन महिने होत्या. मग चिठ्ठी निघाली. मागे वळून पाहू नकोस. त्या दिवसापासून मंगलचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. कुणी काढलं तर त्या चंची सोडायच्या आणि पान लावायला घ्यायच्या. आम्हाला वाटायचं, बाई रागात आहे, निवळेल. त्यामागं चिठ्ठी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाच वर्षांनी एका रविवारी उपासना संपल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चंचीतून चिठ्ठी काढली. घड्या पडून ती चार ठिकाणी फाटायला आली होती.

"मास्तर, हे कुठं हाय?"

"काय कुठं?"

"हे वचन. शास्त्रात कुठं हाय? समद्यांच्या चिठ्ठीला खाली पत्ता असतोय. अध्याय असतोय, ओळ असती. शेजारीन म्हन्ली, माझ्या चिठ्ठीला न्हाई."

त्याच वेळी खरं सांगून टाकलं असतं तर पुढची चार वर्षं वाचली असती. पण समोर मंडळी होती, पाळकसाहेबही त्या रविवारी आलेले होते. मी म्हणालो, "असेल स्तोत्रांत कुठंतरी. बघून सांगतो."

दोन रविवार त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तुम्हाला शाळा हाय, पोरंबाळं हायत. मीच हुडकते. मला वाचायला शिकवा."

तेव्हा त्या पंचावन्नच्या आसपास असतील. मला वाटलं, चार दिवसांत नाद सुटेल. माझी अटकळ अशी की पहिल्या अक्षरालाच कंटाळा येईल आणि माझी सुटका होईल. पण बाराखडीला हात न लावता त्यांनी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. "आधी ह्याच्यातली अक्षरं शिकवा. म्हंजे कुठं दिसलं की वळखू येईल." म्हणजे रोज शाळा सुटल्यावर माझ्याच हातचं खोटं वाक्य मीच त्यांना गिरवायला लावायचं. म ला काना मा, ग ला मात्रा गे. गुन्हेगाराला असली शिक्षा कुठल्या कोर्टानं दिली नसती.

आठ महिन्यांत त्या जोडाक्षरांपर्यंत आल्या. डोळ्यांच्या शिबिरात चष्मा मिळवला. एक काडी मोडलेली होती, तिथं दोरा बांधून तो कानात अडकवायच्या. मग एके दिवशी त्यांनी बायबल उघडलं ते थेट पहिल्या पानावर.

"स्तोत्रांपासून सुरू करा की," मी म्हणालो. "तिथं असायची शक्यता जास्त."

"आन आधीच्यात असलं तर?"

"लेवीय वगैरे जड जाईल तुम्हाला. नियमच नियम आहेत नुसते. ते सोडून द्या."

सुंदराबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, मधलं पोतं सोडून माल साफ हाय म्हनता येतंय का?"

एकही पान त्यांनी सोडलं नाही. लांबलचक वंशावळी आल्या, याचा मुलगा तो आणि त्याचा मुलगा हा, तर त्या प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायच्या. मी वैतागून म्हणालो, ही नावं वाचून काय मिळणार. तर म्हणाल्या, "कुनाची तरी लेकरंच हायत की ही. कुनी तरी नाव ठेवलं असंल." किल्लारीत एका पहाटे किती नावं पुसली गेली ते त्यांनी पाहिलेलं होतं.

अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं टिंब करायचं आणि संध्याकाळी माझ्याकडं यायचं. शब्द सांगितला की मी अर्थही सांगायला जायचो, कारण खोड. त्या हात वर करून थांबवायच्या. "थांबा. मागचं-फुडचं बघू द्या." मग आधीच्या चार ओळी आणि नंतरच्या चार ओळी वाचायच्या, आणि बऱ्याचदा अर्थ त्यांनाच सापडायचा. पुढंपुढं ते त्यांचं पालुपदच झालं. रविवारी मी एखादी ओळ उचलून तीवर अर्धा तास जोरात बोललो की खालून शांतपणे आवाज यायचा, "मास्तर, मागचं-फुडचं बी वाचा." तोंडघशी पडायला नको म्हणून मी शनिवारऐवजी गुरुवारपासून उतारा वाचायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी शास्त्र वाचत होतो, आणि तेही एका विद्यार्थिनीच्या भीतीनं.

लोटाची गोष्ट आली तेव्हा मला सुटकेची वाट दिसली. गाव नष्ट होणार आहे, तुम्ही पळा आणि मागं बघू नका, असं देवदूत तिथं सांगतात आणि लोटाची बायको वळून बघते आणि मिठाचा खांब होते. मी टेबलावर हात आपटला. "सापडलं! हेच ते तुमचं वचन!"

सुंदराबाईंनी दाणा ओळीवरून मागं नेला, पुन्हा पुढं आणला. खूप वेळ लावला. मग मान हलवली. "हे त्या गावासाठी हाय. आन 'मी तुझ्यापुढे चालत आहे' हे हितं कुठं हाय? माझ्या चिठ्ठीत हाय ते." त्यांनी दाणा त्या बाईच्या ओळीवर नेऊन ठेवला. "बिचारी. घर व्हतं तिचं. मी बी वळून बघितलं व्हतं मास्तर, तंबूत नेताना. न बघता कुनाला ऱ्हावलं असतं?"

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

याकोबाच्या गोष्टीनं त्यांना वेड लावलं. या याकोबानं मोठ्या भावाला फसवलं, बापाशी खोटं बोलला आणि वीस वर्षं परमुलखात राहिला. परत यायची वेळ आली तेव्हा भावाच्या भीतीनं त्यानं आधी शेळ्या-मेंढ्या, मग उंट, मग गायी असे कळप भेट म्हणून पुढं धाडले, एकामागून एक. सुंदराबाई हसून लोटपोट झाल्या. "कसा शाना हाय बघा! आधी शेळ्या म्होरं, आपन मागं!" दुसऱ्या दिवशी मोंढ्यात त्यांनी रशीदभाईंना गाठलं. रशीदभाईंचा टेम्पो धान्याची पोती घेऊन आठवड्यातून एकदा किल्लारीकडं जायचा. त्यांच्या हातात दोन किलो तुरीची डाळ देऊन सुंदराबाई म्हणाल्या, "बालाजी जीपवाल्याच्या घरी द्या. कुनी दिली ते सांगा."

मी चक्रावलो. "म्हणजे जायचं ठरलं का?"

"मी कुठं चालले? डाळ चालली."

डाळ जशीच्या तशी परत आली. रशीदभाई टेम्पोतून उतरतानाच ओशाळले. "आपा, बच्ची ने लिया नहीं. दारातूनच 'ले जाओ चाचा' म्हणाली." सुंदराबाईंनी पिशवी घेतली, डाळ पुन्हा एकदा चाळली आणि तीन महिन्यांनी लोणच्याच्या बरणीसोबत परत धाडली. या वेळी बरणी राहिली आणि डाळ परत आली. मग टाळेबंदी लागली, मोंढा बंद, टेम्पो बंद. सुंदराबाई दिवस दिवस उंबऱ्यात बसून वाचायच्या. राजांची पुस्तकं संपली, ईयोब संपला, स्तोत्रं संपली. स्तोत्रांतही वाक्य नाही म्हटल्यावर माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. रस्ते सुरू झाल्यावर तिसऱ्यांदा डाळ गेली, सोबत त्यांनी स्वतः शिवलेली बाळाची दोन झबली. मंगलला मुलगी झाल्याची खबर रशीदभाईंनीच आणलेली होती.

या खेपेला काहीच परत आलं नाही. निरोप आला. रशीदभाई मोंढ्यात चाळणीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आपा, बच्ची बोली, डाळ बस झाली. अम्मा को बोलो, खुद आव."

योगायोगानं मी तिथं होतो. आनंदानं मी म्हणालो, "चला सुंदराबाई, उद्याच निघा! मी गाडीत बसवून देतो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चाळण हलवत होते. "जाता येत न्हाई मास्तर. चिठ्ठी हाय ना."

"कुठली चिठ्ठी?"

"मागे वळून पाहू नकोस म्हनून निघाली व्हती. मंगलचंच मनात धरून उचलली व्हती मी. म्हनून तर हुडकून राहिले. तिचं मागचं-फुडचं काय हाय ते एकदा बघू दे. कुनाला म्हन्लंय, कशासाठी म्हन्लंय. मग बघते."

एवढं ऐकून मी शाळेत गेलो, पाचवीच्या वर्गाला गणवेशावरून उगाच ओरडलो आणि घरी येऊन पडलो. बायकोला वाटलं ताप आला. बायको, मुलं, मंडळी, पाळकसाहेब, सगळ्यांची तोंडं डोळ्यांसमोर येऊन गेली. माझ्या दहा मिनिटांच्या आळसापायी एका आजीला नातीचं तोंड दिसलं नव्हतं. मी नीच माणूस आहे असं मला वाटलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी मोंढ्यात गेलो आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"सुंदराबाई, ते वाक्य शास्त्रात नाही."

चाळण थांबली नाही.

"मी लिहिलं होतं ते. चिठ्ठ्या कमी पडल्या होत्या."

"मनानं?"

"मनानं."

आता चाळण थांबली. त्यांनी एक खडा उचलला, निरखला आणि बाजूला टाकला. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "मास्तर, तवा तुमी म्हन्लाव, हाय. आज म्हंताव, न्हाई. दोन्ही येळंला मानूस तुमीच. मी कोनचं धरू?"

"आता मी खरं बोलतोय हो!"

"तवा बी तुमचं तोंड असंच व्हतं."

"अहो, पण मग जा ना किल्लारीला! लेक बोलावतेय. आता अडलंय कुठं?"

"अडलं न्हाई. जाईन. पर पुरं वाचून जाईन." त्यांचा आवाज खाली गेला, पण हलला नाही. "इतकी वरसं मी दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचलं. आज तुमच्या शब्दावर उठून गेले आन उद्या तिसरा कुनी म्हन्ला की हाय, तर लेकीच्या दारातून परत माघारी येऊ? तिला पुन्यांदा सोडू? न्हाई. आता माझ्या डोळ्यानं बघीन, मग पाऊल उचललं की उचललं."

रशीदभाईंबरोबर त्यांनी एवढाच निरोप धाडला: येते, थोडं राहिलंय. पुढचे पंधरा दिवस त्यांनी माझ्या घरचा चहा घेतला नाही. अडलेले शब्द विचारायला मात्र रोज आल्या, दारात उभ्या राहून विचारायच्या आणि जायच्या. त्या वेळी त्या यिर्मयाच्या पुस्तकात होत्या. उरलेला सगळा ग्रंथ त्यांनी सात महिन्यांत वाचला. पहाटे पाणी भरायच्या आधी, दुपारी भाकरी खाताना, मोंढ्यात पोती यायला उशीर झाला की पोत्यावर बसून. एका डोळ्याला पाणी यायला लागलं तर तो मिटून दुसऱ्यानं. येशूची शुभवर्तमानं वाचताना मात्र त्या दारातून आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "च्या टाका बाई." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी स्वतः उठून चहा टाकला.

त्या दिवशी मी विचारलं, "एवढं वाचून काय वाटतं?"

त्या बशीत फुंकर घालत म्हणाल्या, "आदी देव माझ्याशी चिठ्ठीतून बोलायचा. वरसातून एकदा. आता रोज बोलतोय. आन समदंच काय माझ्या मनासारखं बोलत न्हाई. कवाकवा भांडन होतं आमचं." एवढं म्हणून चहा प्यायल्या. माझ्या पंधरा-वीस वर्षांच्या भाषणांत असं एक वाक्य निघालं नव्हतं.

प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी एका शनिवारी संपवलं. रविवारी उपासनेत मी साक्ष कोण देणार, म्हणजे देवाचा अनुभव कोण सांगणार, असं विचारताच पुढच्या रांगेतून सुंदराबाई उठल्या. हातात बायबल आणि ती जुनी चिठ्ठी.

"समदं वाचलं," त्या म्हणाल्या. "पयल्या पानापासून शेवटच्या पानापातुर. एक बी सोडलं न्हाई. नऊ वरसांमागं मला जी चिठ्ठी निघाली व्हती, ती ह्याच्यात कुठंच न्हाई."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पाळकसाहेब त्या रविवारी आलेले होते, ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मग ती लिहिली कुणी?"

सुंदराबाई खाली बघत उभ्या राहिल्या. नाव घ्यायचं असतं तर त्यांनी घेतलं असतं, त्या कुणाला भिणाऱ्या नव्हत्या. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, कमी पडलेल्या चिठ्ठ्यांपासून मंगलपर्यंत. ते वाक्य मला आवडलं होतं, हेसुद्धा सांगितलं. पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, तेवढाच आवाज.

शेवटी सुंदराबाईच बोलल्या. "मास्तर, फुडच्या वरसापासून पत्त्याबिगर एक बी चिठ्ठी सुपात टाकू नगा. आन ज्याला निघंल त्यानं पुस्तक उघडून मागचं-फुडचं समद्यांम्होरं वाचायचं. ज्याला येत न्हाई त्यानं शिकायचं."

तो आमच्या मंडळीत नियम झाला आणि आजही पाळला जातो. चिठ्ठ्यांच्या उपासनेला आता तीन तास लागतात. तक्रार कुणी करत नाही, निदान मोठ्यानं तरी नाही.

उपासनेनंतर त्यांनी माझा मोबाइल मागितला. मी रशीदभाईंनी दिलेला नंबर लावून दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "मंगल, मी येते." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सुंदराबाई भिंतीकडं तोंड करून बराच वेळ "हाव... हाव..." करत राहिल्या. मग फोन माझ्या हातात देऊन पदरानं चष्मा पुसला.

पाळकसाहेबांना एक शंका होतीच. त्यांनी हळूच विचारलं, "सुंदराबाई, ती कुंकू लावते ना अजून?"

"लावती. मी लेकीला भेटाया चालले साहेब, तिचं कपाळ तपासाया न्हाई." वर म्हणाल्या, "माझी प्रार्थना ऱ्हानारच. ती काय कपाळ बघून करतेत व्हय?"

सुंदराबाई त्यानंतर किल्लारीतच राहिल्या. नातीला सांभाळतात, आणि शेजारच्या तीन बायांना वाचायला शिकवतात असं रशीदभाई सांगतात. फोनवर आवाज ऐकू येतो, पण माझ्या नजरेला त्या शेवटच्या दिसल्या त्या पुढच्या रविवारी, अहमदपूरच्या बसस्थानकावर.

उपासना आटोपून आम्ही तडक तिथं आलो होतो. लातूरला बालाजी जीप घेऊन थांबणार होता. सुंदराबाई खिडकीशी बसल्या. मांडीवर कापडात बांधलेलं बायबल, पायाशी पिशवीत डाळ. या वेळी डाळ आणि माणूस एकत्रच निघाले होते. कंडक्टर चहाला गेला होता. मी खिडकीखाली उभा राहून काहीबाही बोलत होतो. पाणी घेतलंत का, उलटीची गोळी घेतलीत का. जे बोलायचं होतं ते तोंडातून निघत नव्हतं. माफी मी मंडळीपुढं मागितली होती, पण त्यांची अशी एकट्यांची मागितली नव्हती.

सुंदराबाईंनी चंची सोडली आणि एक गुंडाळी माझ्या हातावर ठेवली. "ही तुमची."

मी उलगडली. मोठमोठी, जरा तिरकी, पण एक काना-मात्रा न चुकलेली अक्षरं. त्यांच्या हातची मी पाहिलेली पहिलीच चिठ्ठी. त्यात वाक्य नव्हतंच. नुसता पत्ता होता: उत्पत्ती, अध्याय ३३, ओळ ४.

"वाक्य कुठाय?" मी विचारलं.

"तुमी हुडका."

माझं बायबल काखेतल्या पिशवीत होतंच. मी तिथंच, लोकांच्या धक्क्यात, ते उघडलं. याकोबाचीच गोष्ट होती. इतके दिवस ती सुंदराबाईंची आणि मंगलची आहे असं मी धरून चाललो होतो. कळप पुढं धाडून झाले आहेत, भाऊ चारशे माणसं घेऊन येतो आहे, आणि याकोब भीतीनं जमिनीपर्यंत वाकतो आहे. चौथ्या ओळीत तो भाऊ धावत येतो, त्याच्या गळ्यात पडतो, आणि दोघं रडतात. धावत आला होता तो ज्याला फसवलं होतं तो. फसवणारा नुसता वाकून उभा होता.

अक्षरं पुसट व्हायला लागली. गाडी सुरू झाल्याचं मला कळलंच नाही. मान वर केली तेव्हा ती फाटकातून बाहेर पडून लातूरच्या रस्त्याला लागत होती. सुंदराबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. एका हातानं दोऱ्याचा चष्मा धरून, पूर्ण वळून मागं बघत होत्या, आणि अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या, "मास्तर, मागचं बी बघा! मागचं बी!"